‘तिकडे सीन नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतल्या गिगला नेमाने जाणाऱ्या लोकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. ते गाव विचारतात. आपण भंडारा जिल्हा सांगतो, पवनी तालुका सांगतो, शेवटी अड्याळ सांगतो. मग समोरचा जरा हळवा होतो आणि म्हणतो, ‘मग तिकडे लाइव्ह म्युझिकचा सीनच नसेल ना?’

हे वाक्य खोटं आहे. नुसतं अज्ञानातून आलेलं असतं तर सोडून दिलं असतं. पण भंडारा-गोंदियातून शिकायला, नोकरीला बाहेर पडलेली आपलीच पोरं या वाक्याला मान डोलवतात, आणि दिवाळीला गावी आल्यावर मंडईच्या रात्री घरात पडून मोबाइलवर कुणाच्या तरी गिगच्या रील्स बघतात. माझं भांडण त्यांच्याशी आहे. म्हणजे बहुतेक तुमच्याशीच.

मी गिगांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी त्याच गर्दीतला आहे. पगार जमा झाला की पुढच्या शनिवारी कोण कुठे वाजवतंय हे आधी बघतो, घरभाड्याचं नंतर. नागपूरहून रात्रीची गाडी धरून पुण्याला गेलोय, दोन तास उभं राहून बँड ऐकलाय आणि उरलेली रात्र स्टेशनच्या बाकावर काढलीय. दहा फुटांवर कुणीतरी ड्रम वाजवतोय आणि त्याचा ठोका आपल्या बरगड्यांत घुमतोय, हे सुख हेडफोनमध्ये नाही. पण हे सुख मला पहिल्यांदा पुण्यात मिळालं नाही. ते कनातीच्या आत, तणसावर बसून, पहाटे तीन वाजता मिळालं.

आता मुद्द्याचं. ‘इंडी’ हा शब्द गिटारच्या आवाजावरून आलेला नाही, पैशावरून आलेला आहे. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या पोरांचा बझकॉक्स नावाचा बँड होता. त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. कुठलीही कंपनी नाही. पहिल्या खेपेला १००० प्रती. तबकडी काढायला लंडनच्या बड्या कंपनीची परवानगी लागत नाही, हे त्या एका खटाटोपाने इतरांना कळलं. ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचं पोट हे आहे. पैसा कुणाचा, आणि काय वाजवायचं हे ठरवणार कोण, एवढे दोनच प्रश्न.

हेच दोन प्रश्न आपल्या शहरी सीनला विचारून बघा. एनएच७ वीकेंडर पुण्यात २०१० च्या डिसेंबरात सुरू झाला आणि देशभरच्या इंडीवाल्यांची ती वारी झाली. तिथे मी भारावून गेलेले लोक पाहिलेत, आणि त्यांचं भारावणं खरं होतं. पण कित्येक वर्षं त्या महोत्सवाच्या नावाआधी बकार्डीचं नाव लागत होतं. दारूच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे, संगीताच्या महोत्सवाला नाही. क्लबातल्या गिगचंही तेच. तिकिटाला ‘कव्हर’ म्हणतात, त्यातले बरेचसे पैसे बारवर वळते होतात, आणि बँड चांगला की वाईट हे त्या रात्री किती बाटल्या उघडल्या यावर ठरतं. गाणं चाललेलं असताना मागच्या टेबलावर वाढदिवसाचा केक कापला जातो. गाणारा हसून ‘हॅपी बर्थडे’ म्हणतो. म्हणावंच लागतं त्याला.

प्रतीक कुहाड घ्या. मला आवडतो, तिकीट काढून ऐकेन. २०१८ चं त्याचं ‘कोल्ड/मेस’ बराक ओबामांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं आणि २०२० मध्ये त्याने इलेक्ट्रा रेकॉर्ड्सशी करार केला. इलेक्ट्रा म्हणजे वॉर्नरच्या घरातलं लेबल, जगातल्या तीन बड्यांपैकी एकाचं. करार करणं हा काही गुन्हा नाही, झालं ते चांगलंच झालं. पण त्यानंतरही आपण त्याला इंडीच म्हणतो. म्हणजे या शब्दातून पैशाचा हिशोब केव्हाच गळून गेलाय. आता तो फक्त आवाजाचा पोत सांगतो, आणि ऐकणाऱ्याने कुठले कपडे घातलेत ते सांगतो.

या शब्दाचा मूळ अर्थ जिथे अजून रोज वापरात आहे, तिकडे आता या.

अड्याळ म्हटलं की बाहेरच्यांना अड्याळ टेकडी आठवते, ग्रामगीतेमुळे. ती चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे. आमचं अड्याळ भंडारा-पवनी रस्त्यावरचं, धानाच्या बांध्यांतलं. भाऊबीज झाली की या पट्ट्यात मंडया भरायला लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची, परवा पलीकडच्या. प्रत्येक गावचा दिवस ठरलेला असतो. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत, आणि रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि तिच्या नाटकाचा हंगाम दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे, तारखा तिथे ठरतात.

पैशाचं कसं? गावातली दहा-पंधरा पोरं मंडळ करतात. वर्गणी काढतात, कमी पडलं तर उसने घेतात. वडशाला जाऊन कंपनी ठरवतात, इसार देतात. मैदानाला कनात लावतात, तिकिटं छापतात. गर्दी झाली तर कंपनीचे पैसे देऊन चार पैसे शाळेच्या भिंतीला नाहीतर देवळाच्या शेडला जातात. नाही झाली तर मंडळाच्या पोरांना खिशातून भरावे लागतात. ५०० पौंड उसने घेणाऱ्या त्या बझकॉक्सवाल्यांनी आणखी वेगळं काय केलं? फरक इतकाच की त्यांनी ते एकदा केलं, आणि इथे ते दरवर्षी, गावोगाव, चार महिने चालतं. वरून कुठल्या दारूच्या कंपनीचं नाव नाही. कंपनीला पैसे येतात ते तिकीट काढणाऱ्याच्या खिशातून. नाटक पडलं तर ते आपलं पडलं, हे मंडळालाही कळतं आणि मंचावरच्यालाही.

संगीताचं बोलायचं आणि नाटकाचं काय सांगतोस, असं विचाराल. विचाराच. हा आक्षेप मला आवडतो, कारण तो मराठी माणसाने घेतलेला बघून गंमत वाटते. मराठी माणसाची जाहीर तिकिटाची मैफल जन्मली तीच मुळात नाटकात. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात १८८० मध्ये आलं, आणि पुढची कित्येक वर्षं लोक नाटकाला जायचे ते ‘बघायला’ कमी आणि ‘ऐकायला’ जास्त. बालगंधर्वांच्या एकेका पदाला वन्स मोअर पडायचे, प्रयोग रात्रभर रेंगाळायचे. पुणेकरांनी ते केलं की त्याला संगीताचा सुवर्णकाळ म्हणायचं, आणि आमच्या बाया धान कापून आल्यावर रात्रभर तेच करतात त्याला करमणूक म्हणायचं, हा कुठला न्याय?

झाडीपट्टीत मंचाच्या पुढ्यात वादक बसतात. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. ऑर्गन कुठे जुना, पायाने भाता मारायचा असतो, कुठे सरळ कीबोर्ड असतो, पण नाव ऑर्गनच. ही तीन-चार माणसं दहा-अकराला बसतात आणि उजाडता उठतात. मध्ये काय काय करतात ते बघा. पद आलं की पद. मारामारी आली की तिचे ठोके. विनोदी नट मनचे दोन शब्द जास्त बोलला तर त्याच्या जीभेमागे तबला धावतो. नटीला कपडे बदलायला वेळ लागला तर ऑर्गनवाला तिला मिनिटभर उसनं आणून देतो, आणि समोरच्या हजार माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. पहाटे तीनला पोरं लोळायला लागतात, म्हातारे शालीत मान घालतात, तेव्हा तबलेवाला एक लग्गी अशी काढतो की कनातीला टेकलेलासुद्धा ताठ होतो. मग कुणीतरी दहाची नोट घेऊन पुढे येतं, आणि मंचावरून बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. शहरात याला ‘थेट कलाकाराला पाठिंबा’ म्हणतात आणि त्यासाठी ॲप काढतात.

शहरातल्या बँडचा सेट तासा-दीड तासाचा. त्याच्याआधी दोन तास साउंडचेक. मी कुणाला कमी लेखत नाहीये. मी म्हणतोय की सलग सहा-सात तास, समोरच्याची झोप अंगावर घेत, न चुकता वाजवणारा माणूस हा ‘लाइव्ह म्युझिशियन’ नाही तर मग कोण आहे?

याच मातीत दुसरं मैदान कव्वालीचं आणि भीमगीतांचं आहे. भंडाऱ्याचं बाबासाहेबांशी नातं जुनं. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक ते इथूनच लढले आणि हरले. त्यानंतर दोन वर्षांनी नागपूरला दीक्षा झाली, आणि त्या चळवळीने गावोगाव जे नेलं त्यात पुस्तकांइतकंच गाणं होतं. वामनदादा कर्डक, नागपूरचे नागोराव पाटणकर, ही नावं आमच्याकडच्या वस्त्यांत आजही घरातल्या माणसासारखी घेतली जातात. कव्वालीच्या मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एक सवाल टाकते, दुसरीने जवाब द्यायचा. रात्र चढते तसे शब्द धारदार होतात, आणि जवाब अडला तर लोक तोंडावर हसतात. रॅप बॅटलची तिकिटं काढून अंधेरीला जाणाऱ्यांनी एक रात्र इथे बसून बघावं.

आता दुसरा आक्षेप, जो जास्त खरा आहे. ‘ते ठीक, पण त्यात ओरिजिनल काय? सिनेमाच्या चाली उचलतात, रडारड भरपूर, माइक किंचाळतो.’ हो, उचलतात. गाजलेल्या हिंदी गाण्यावर मराठी शब्द बसवलेलं पद मी दर हंगामात ऐकतो, आणि दर वेळी कान मिटून घ्यावेसे वाटतात. कथेत सासू छळते, भाऊ दारूत जातो, बहीण मरते. ठीक आहे. पण इंडी गिगला जे दहापैकी सात बँड ऐकायला मिळतात तेही कोल्डप्लेची नाहीतर रेडिओहेडची सावलीच असतात, फक्त ती आपल्याला ओळखता आल्याचा आनंद होतो म्हणून आपण तिला ‘इन्फ्लुअन्स’ म्हणतो. वाईट गाणं इथेही आहे, तिथेही आहे. चांगल्यातून वाईट वेगळं काढायला ऐकणारा लागतो, लिहिणारा लागतो. तिथे तो आहे. इथे नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

त्याआधी आमच्या अंगणातली घाण. तिच्यावर शाल टाकून मला काही सिद्ध करायचं नाही. मंडळात बाई नसते. मंचावर नटी म्हणून बाई चालते, चांगली चालते, पोस्टरवर तिचाच फोटो मोठा असतो. पण ऑर्गनवर, तबल्यावर बाई मी तरी पाहिलेली नाही. कॉलेजातली मुलगी घरच्यांशिवाय रात्रीच्या नाटकाला जाऊ शकत नाही. गेली तर दुसऱ्या दिवशी गावभर. आणि जात. मंडईचं मैदान आणि जयंतीचं मैदान एकाच गावात दोन असतात. एकाची वर्गणी दुसऱ्या मोहल्ल्यात मागायला कुणी जात नाही, आणि एकाचा कान दुसरीकडे गेला तरी पाय जायला लाजतात. कव्वालीच्या रात्री मी मागे, अंधारात, बांधावर बसून ऐकणारे लोक पाहिलेत. आत येऊन बसायला त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं. बाजारापासून स्वतंत्र असलेला हा सीन जातीपासून स्वतंत्र नाही.

चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजित आणि संगीतकार टेन्मा यांनी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं केलं. उत्तर चेन्नईतल्या वस्त्यांत मयताच्या रात्री गायला जाणारा गाना हा प्रकार त्यांनी मंचावर आणला, सोबत रॅप आणि रॉक. गाना गाणारी पोरं तीच होती. पण मंच बदलला, पोस्टर बदललं, आणि कालपर्यंत गल्लीचं म्हटलं जाणारं गाणं देशभरच्या वर्तमानपत्रांत इंडी म्हणून छापून आलं. यावरून मी असं सुचवत नाहीये की दंडारीला गिटार जोडा. गिटार जोडल्याशिवाय इज्जत मिळत नसेल तर दुखणं इज्जत देणाऱ्याला आहे. मी एवढंच म्हणतोय की तिथे कुणीतरी ठरवलं, आपलं गाणं आपण कुठल्या नावाने हाक मारणार ते.

कारण सगळं नावातच अडकलंय. आमच्याकडच्या या सगळ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, ‘लोककला’. वरवर आदराचा शब्द. पण तो लागला की काय होतं बघा. लोककलेचं ‘जतन’ करतात, तिची समीक्षा करत नाहीत. तिला ‘मानधन’ मिळतं, फी मिळत नाही. सरकारी महोत्सवात तिला दहा मिनिटं मिळतात, दुपारी, उन्हात, फेटे बांधून, आणि निवेदिका म्हणते की ही कला आता लोप पावत चालली आहे. अहो, काल रात्रीच या माणसाने पहाटेपर्यंत वाजवलंय, डोळे बघा त्याचे. लोप पावत असेल तर झोप.

गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ५००० हून जास्त प्रयोग आणि ८०० च्या वर भूमिका, असा त्यांचा हिशोब तेव्हा सांगितला गेला. सगळ्या वाहिन्यांनी बातमी केली, दोन दिवस कौतुक झालं. झाडीबोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य घातलं, म्हणून निदान भाषेची आणि दंडारीसारख्या प्रकारांची नोंद राहिली. पण मला सांगा, झाडीपट्टीतल्या एखाद्या ऑर्गनवाल्याच्या वादनावर, त्या विशिष्ट रात्रीच्या वादनावर, तुम्ही कधी चार ओळी वाचल्यात? कुठल्या पदाला त्याने कुठला सूर जास्त रेंगाळवला, तबल्याने कुठे जागा सोडली, असं? शहरातल्या नवख्या बँडच्या दुसऱ्या गिगवरही हजार शब्द निघतात. हे लिहायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. कान लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे. तुम्ही तो पुण्यात वापरता.

मोठ्या माणसांच्या हिशोबातही आम्ही नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत आणि अहमदाबादेत वाजवून गेले. तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. त्याच महिन्यात पंतप्रधान भुवनेश्वरच्या भाषणात ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’वर बोलले. छान. मैफलीतून हॉटेल, गाड्या, मंडपवाले यांना काम मिळतं, हे त्यातलं सार. मंडईच्या रात्री कनातवाला, जनरेटरवाला, आलूबोंड्यावाला, चहावाला, ट्रकवाला, लाइटवाला आणि पोस्टर छापणारा, सगळे काय फुकट राबतात? कायद्याने ५०० रुपयांपर्यंतच्या कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटी नाही. आमचं तिकीट त्या रेषेच्या इतकं खाली की सरकारला त्यातून काही मिळत नाही, म्हणून त्यांना ते दिसतही नसावं. याला फायदा म्हणायचं की तोटा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण सरकार, वर्तमानपत्रं, पुण्याचे रसिक हे सगळे लांबचे. या सीनचा गळा आवळणारा हात जवळचा आहे, आणि तो ट्रकवर लादलेला येतो. डीजे. वरातीत होता, विसर्जनात होता, आता मंडईतही आहे. त्याच्या पाठोपाठ ‘डान्स हंगामा’, म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणी, चार नाचणाऱ्या मुली आणि समोर शिट्ट्या. मंडळाला हे सोपं पडतं. वादक नकोत, तालीम नको, गोष्ट नको, आणि पोरं हमखास येतात. त्या मुलींबद्दल मला शब्दही वाईट बोलायचा नाही. त्या पोटासाठी नाचतात आणि समोरची नजर झेलतात. मी मंडळातल्या पोरांबद्दल बोलतोय. एक हंगामा ठरला की एक नाटक गेलं. एक नाटक गेलं की ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड यांची एक रात्र गेली. हंगाम चार महिन्यांचा, रात्री मोजक्या. अशा पाच-सहा रात्री गेल्या की तो वादक मुलाला म्हणतो, ‘हे नको शिकू बापा, आयटीआय कर.’ तिथे संपलं. पुढच्या पिढीत तबला नाही.

या लोकांनी बरंच पचवलंय. शंकरपटाच्या रात्री नाटक हा इकडचा जुना रिवाज. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली आणि २०२३ मध्ये ती कायम केली. मधली सात वर्षं पट नव्हते, नाटक तरी थांबलं नाही. कोरोनात अख्खा हंगाम गेला, त्यानंतरही ते उभं राहिलं. न्यायालय आणि साथ दोन्ही पचवणारी गोष्ट पेनड्राइव्हने मरावी, याची मला लाज वाटते.

आणि रेकॉर्डिंग त्यांना वाचवणार नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की वर्षात १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला एक पैसाही नाही. आमचा ऑर्गनवाला तर तिथे पोचलेलाच नाही. त्याचं गाणं त्या रात्री, त्या कनातीत असतं, आणि सकाळी दवासोबत जातं. त्याची कमाई म्हणजे तुम्ही तिथे असणं. यूट्यूबवर त्या नाटकाचा तुकडा बघून बदाम टाकल्याने त्याच्या घरी तांदूळ येत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही चार दिवस सुट्टीला येतो, आमच्याने काय होणार. मंडईच्या तारखा त्याच चार दिवसांत आणि त्यांच्या पुढेमागे असतात. तुमचा चुलतभाऊ मंडळात असतो. तो तुम्हाला दरवर्षी फोन करून वर्गणी मागतो आणि तुम्ही गूगल पेवर पाचशे टाकून मोकळे होता. पाचशे द्यायचे तर अट घालून द्या. यंदा नाटक ठेवणार का हंगामा, विचारा. हंगामा म्हणाला तर पैसे देऊ नका, आणि का देत नाही ते मोठ्याने सांगा. ‘शहरात जाऊन शहाना झाला का बे?’ असं तो म्हणेल. म्हणू द्या. नाटक म्हणाला तर पाचशेचे हजार करा, आणि वर दोन मित्र पुण्याहून घेऊन या. त्यांना सांगा की तिकीट जमिनीचंच काढा, खुर्चीवरून तबला अर्धा ऐकू येतो. गोधडी आणा, नोव्हेंबरात पहाटे दव पडतं. बहिणीलाही घ्या सोबत, आणि गावाने काय म्हटलं ते गावाकडे ठेवा. भीमजयंतीच्या कव्वालीला बांधावर नका बसू. आत जाऊन बसा, पुढे, दहाची नोट काढा आणि आपलं नाव आडनावासकट पुकारू द्या.

आणि एक बारीक काम आहे, फुकटचं. झाडीपट्टीच्या पोस्टरवर नट-नट्यांचे फोटो असतात, लेखक-दिग्दर्शकाचं नाव असतं, मंडळाच्या अध्यक्ष-उपाध्यक्षांची तर रांग असते. वादक असतात तळाला, असले तर, मुंगीच्या अक्षरात. तुमच्या हातात फोन आहे, पोस्टर बनवायचं ॲप आहे, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डिझाइन टाकणारे तुम्हीच असता. कोजागिरीच्या सुमारास पोस्टर छापायला जाईल. त्याआधी वडशाला कंपनीच्या कार्यालयात एक फोन लावा आणि विचारा, त्या रात्री ऑर्गनवर कोण आहे, तबल्यावर कोण आहे. नाव नीट लिहून घ्या, आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ विचारून घ्या. मग ते वर टाका, नटीच्या फोटोच्या बाजूला, तिच्याएवढ्याच अक्षरात. उपाध्यक्षांपैकी एक-दोन कमी करावे लागतील जागेसाठी. करा.